पुट्टीची अठरा नखं

७ जुलै २०२५, सोमवार

तिसरा ओरखडा. उजवा दंड, आतली बाजू, कोपराच्या चार बोटं वर. सकाळी ९.२० ला, आंघोळीसाठी खुर्चीवर बसवल्यावर दिसला. रक्त थांबायला अकरा मिनिटं लागली. मामांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी आहे, साधं खरचटलं तरी थेंब थांबत नाहीत. कापूस दाबून बसलो. मामांना काही कळलं नाही. अर्धांगवायू झाल्यापासून (हा शब्द मामांच्याच शब्दकोशात पाहून लिहिला) उजव्या अंगाला त्यांना स्पर्श कळत नाही.

संध्याकाळी शंतनुदादा ऑफिसातून आला. पट्टी पाहिली. बूट काढता काढता मला म्हणाला, "वासू, तू नीट उचलतोस ना बाबांना?"

एवढंच. मग हात धुवायला गेला. 

मामा आईचे सख्खे भाऊ, म्हणून अकरा महिन्यांपूर्वी मला निपाणीहून इथे येलहंक्याला बोलावून घेतलं. आयटीआय दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या मुलाला दुसरं कोण बोलावणार? मामांना उठवणं, बसवणं, आंघोळ, गोळ्या – हे माझं काम. आयुष्यात हे एक तरी मला नीट जमतं असं वाटत होतं.

दादाने घरातल्या मांजराचं नावसुद्धा घेतलं नाही. सरळ मला विचारलं!

आजपासून दोन वह्या. एक मामांच्या टेबलावर, सगळ्यांनी पाहावी अशी – तारीख, वेळ, जागा, लांबी. दुसरी ही. ही गादीखाली.

८ जुलै, मंगळवार

ओरखडा नाही.

सकाळी ९.०५ ला मामांनी डाव्या हाताने माझ्या मनगटाकडे बोट केलं. वेळ सांगितली. पुन्हा बोट केलं. पुन्हा सांगितली. चिडले, तोंड फिरवलं. छत्तीस वर्षं विमानांच्या कारखान्यात काढलेला माणूस. मामी म्हणतात, "त्यांना अजून शिफ्ट चुकेल असं वाटतं रे."

घड्याळ त्यांचंच. नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कारखान्यात मिळालेलं, पोलादी साखळीचं. त्यांना आता एका हाताने लावता येत नाही, म्हणून जूनमध्ये मामींनी मला दिलं. मला सैल होतं, साखळी मनगटाभोवती फिरते. दुरुस्तीला द्यायला हवं. पण मग नोंदीत वेळ कशी लिहू? मोबाइल मी मामांच्या खोलीत नेत नाही, लक्ष जातं.

११ जुलै, शुक्रवार

चौथा. सकाळी ९.१५. जागा तीच. लांबी अडीच सेंटिमीटर, मोजपट्टीने मोजली. एकच रेघ.

दुपारभर या एकाच रेघेचा विचार केला. पुट्टी मामांच्या उजव्या काखेत झोपते – करड्या पाठीची, पांढऱ्या पोटाची गावठी मांजरी. चार वर्षांपूर्वी मामींना मागच्या गटारात सापडली, एवढीशी होती म्हणून नाव पुट्टी, कानडीत छोटी. त्यामुळे सगळे धरून चालले आहेत की ओरखडे तिचेच. पण मांजर ओरबाडेल तर एकच रेघ कशी उठेल?

म्हणून ३.४० ला प्रयोग केला. सुतळी हलवून पुट्टीला चिडवलं आणि स्वतःचा हात पुढे केला. तीन रेघा उठल्या, मध्ये सहा-सात मिलिमीटर अंतर. मोजून घेतलं.

मामांच्या दंडावर एकच. चारही वेळा एकच.

मग कोण?

१३ जुलै, रविवार

नाही. रविवारी शंतनुदादा घरी असतो, तोच मामांना आंघोळ घालतो. मागच्या नोंदी काढून पाहिल्या, २१ जूनला पहिला ओरखडा उठला तेव्हापासूनच्या. एकाही रविवारी ओरखडा नाही.

म्हणजे जे कोणी हे करतं, ते दादासमोर करत नाही.

१६ जुलै, बुधवार

दादाने अर्धा दिवस रजा काढली, आम्ही पुट्टीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर प्रेमा, चौकाजवळचा दवाखाना. सगळे त्यांना अक्का म्हणतात. दादाने सरळ विचारलं, हिची नखं कायमची काढून टाकता येतील का. तो चार वर्षं अमेरिकेत होता, तिथे त्याच्या साहेबाच्या दोन्ही मांजरांची काढलेली होती. मजेत होती म्हणे, सोफ्यावर लोळायची.

डॉक्टर अक्कांनी दादाचा हात टेबलावर ओढून घेतला आणि पेनाने त्याच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर रेघ मारली. म्हणाल्या, "इथून. हाड धरून. अशी दहा." मांजराचं नख हाडातूनच उगवतं, नुसतं नख काढता येत नाही, पेर कापावं लागतं. त्यांच्या मते हे मुक्या जनावराला इजा करणं आहे, कायद्यातही बसणार नाही, आणि बसलं तरी त्या करणार नाहीत.

दादा म्हणाला, "माझ्या वडिलांचं रक्त थांबत नाही, मॅडम." आवाज चढवला नाही. मला त्याचंही खोटं वाटलं नाही.

अक्कांनी मला नखं कापायला शिकवलं. पंजा धरायचा, बोट हलकं दाबायचं, नख बाहेर येतं. गुलाबी भाग सोडून टोक कापायचं. पुढे पाच-पाच, मागे चार-चार. अठरा. दर सोमवारी. मऊ टोप्याही दिल्या, नखांवर चिकटवायच्या.

मी एकाच रेघेचं विचारलं. म्हणाल्या, दचकून उडी मारताना एकही नख लागू शकतं. लागू शकतं. लागतंच असं म्हणाल्या नाहीत.

घरी येईपर्यंत दादाच्या बोटावरची निळी रेघ तशीच होती.

१८ जुलै, शुक्रवार

टोप्या पुट्टीने चावून काढल्या. दहातल्या सात सापडल्या. पाचवा ओरखडा, ९.२५. पुन्हा एकच रेघ.

मामांनी पुन्हा वेळ विचारली. मी सांगायच्या आतच माझं मनगट धरलं. मीच हळू सोडवून घेतलं, उशीर होत होता.

१९ जुलै, शनिवार

जेवताना बराच वाद झाला. मामा आतल्या खोलीत, त्यामुळे सगळे दबक्या आवाजात भांडत होते.

दादाचं म्हणणं: मांजर खोलीबाहेर ठेवून पाहिलं, बाबा दोन दिवस जेवले नाहीत. टोप्या लावून पाहिल्या. मग दोनच वाटा. पुट्टीला कुणाला तरी देऊन टाका, नाही तर नखं काढा, म्हणजे ती जन्मभर बाबांजवळ झोपू शकेल. नखं काढणं हीच त्यातल्या त्यात दया.

यशश्रीवहिनी पुण्याची, दादाची बायको. ती म्हणाली, तिने रात्रंदिवस वाचलंय, अशा मांजरांना वाळूत पाय ठेवता येत नाही, ती चावायला लागतात, काही तर आयुष्यभर लंगडतात. "शंतनु, इट्स नॉट अ मॅनिक्युअर."

मामी बराच वेळ ताकात भात कालवत होत्या. मग म्हणाल्या, "हे बघ. त्यांना एक शब्द राहिलाय. तोसुद्धा तिचा."

खरं आहे. मामांची वाचा गेली, तिच्यात एवढंच उरलं – पुट्टी. पाणी हवंय? पुट्टी. पंखा लावू? पुट्टी. पण दादाने परवा विचारलं, "बाबा, कुणी ओरबाडलं?" आणि मामा "पुट्टी" म्हणाले, तेव्हा दादाने आमच्याकडे असं पाहिलं जणू साक्ष झाली.  दुसऱ्या मिनिटाला मी मामांना विचारलं, आज वार कोणता? पुट्टी. ते दादाने ऐकलं नाही.

२२ जुलै, मंगळवार

ओरखडे जूनपासून. वहिनीचं घरून काम करणंही जूनपासूनच. याआधी ती दिवसभर घरात नसायची. हा योगायोग आहे का?

तिची नखं लांब आहेत. रंगवलेली. सकाळी मी मामांचं पाणी तापवतो तेव्हा ती एकटीच मामांजवळ असते, त्यांना वर्तमानपत्र दाखवते. मामांना आवडतं ते. की आवडत नाही? त्यांना सांगता कुठे येतं!

पण ती तर पुट्टीच्या बाजूने बोलते. मांजरावर आळ यावा असं तिला कशाला वाटेल? की म्हणूनच बोलते?

२४ जुलै, गुरुवार

सहावा. ९.१०.

आज लाजिरवाणं झालं. वर्तमानपत्र दाखवताना मी दारातून वहिनीचे हात पाहत होतो, ते तिला कळलं. तिने दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. म्हणाली, "वासू, इन्स्पेक्शन करायचंय का? ये, मोजपट्टी आण. फोटोपण काढ." हसत म्हणाली. पण संध्याकाळी तिची नखं मुळापासून कापलेली होती, रंगही काढलेला.

मी माफी मागितली नाही. काय म्हणून मागू? मी काही बोललोच नव्हतो.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. कासारीण घरी येऊन मामींना हिरवा चुडा भरून गेली. हातात सहा-सहा.

२९ जुलै, मंगळवार

काल सोमवार. अठराच्या अठरा नखं कापली, टोकं कागदात गुंडाळून ठेवली. पुट्टी आता कुरकुरत नाही, माझ्या मांडीवर उताणी पडते. आणि आज सातवा ओरखडा. नखं कालची कापलेली, वहिनीच्या बोटांना नखंच नाहीत.

उरलं कोण? मी बराच वेळ हे वाक्य पुढे लिहिलं नाही.

मामी रात्री मामांची कूस बदलतात. हात दंडाखालूनच घालतात. पिचलेल्या काचेच्या बांगडीची एकच रेघ उठते. हिरवा चुडा शुक्रवारी भरला, पण आधीच्याही बांगड्या होत्याच. मुद्दाम नाही करणार त्या. मुद्दाम असं मी म्हणतच नाही.

पण रविवार? दादा असतो म्हणून मामी रविवारी सावकाश करत असतील.

३१ जुलै, गुरुवार

दादाला वही दाखवली. बांगड्यांचं सांगितलं, जमेल तेवढ्या हळू शब्दांत. तो म्हणाला, "आईला तू सांगू नकोस, मी सांगतो." मला हायसं वाटलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दादाने सकाळी सगळ्यांसमोर मामींना बांगड्या उतरवायला सांगितलं. थोडे दिवसच, खात्री करून घ्यायला.

मामींनी दादाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हे वासूच्या वहीतनं आलं काय? सरी, बरं." मग बेसिनपाशी गेल्या, हाताला साबण लावला आणि एकेक उतरवायला लागल्या. एक वाढवली. तिचे तुकडे त्यांनीच वेचले, मला हात लावू दिला नाही. अकरा बांगड्या बिस्किटाच्या डब्यात. सोन्याची एकेक होती तीसुद्धा. मनगटाला हळदीत भिजवलेला दोरा बांधून घेतला.

त्यांचे हात एवढे बारीक आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

मामांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं, वळवून पाहिलं, मग माझ्याकडे बोट केलं – माझ्या हाताकडे. मी म्हणालो, मामा, आठ चाळीस. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजकाल त्यांना उगाचच येतं.

४ ऑगस्ट, सोमवार

चार दिवस नाही. मग बांगड्याच!

म्हणजे मला बरं वाटायला हवं. अठरा नखं कापली, टोकं दोनदा मोजली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वरमहालक्ष्मी, इकडचा सवाष्णींचा सण. समोरच्या घरातलं कुंकवाचं बोलावणं आलं. दर वर्षी मामी जरीचं नेसून जातात. आज गुडघा दुखतो म्हणाल्या. वहिनी गेली. समोरच्या बाईंनी विचारलं म्हणे, परवा त्यांना गच्चीवर पाहिलं, हात मोकळे होते, यजमान बरे आहेत ना?

वहिनी नारळ, खण आणि मामींसाठी डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आली. मामी म्हणाल्या, "ठेव तिकडे कपाटात." नारळ तेवढा खोवला.

११ ऑगस्ट, सोमवार

आठवा. ९.१५. सगळ्यात खोल, साडेतीन सेंटिमीटर. मामींचे हात मोकळे. वहिनीची नखं कापलेली.

आता संशयाला जागा नाही. एकेकाला वगळत आणलं, शेवटी एकच उरली. टेबलावरच्या वहीत लाल शाईने लिहिलं: निष्कर्ष – मांजर. एकच रेघ का, तेही लिहिलं: दचकल्यामुळे, डॉक्टरांच्या मतानुसार.

१३ ऑगस्ट, बुधवार

जखम चिघळली. मामांना ताप, १०२. दवाखान्यात दाखल केलं. सलाइन. रात्री मी थांबलो. विमानतळाकडे जाणारी विमानं खिडकीतून दिसतात. एरवी प्रत्येक विमानाला मामा बोट दाखवतात. आज एकालाही नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल घरी आणलं. ताप उतरला. दादाच्या डोळ्यांखाली काळं झालंय. त्याने सगळी वही उभ्या उभ्या वाचली, लाल शाईच्या पानाचा फोटो काढला आणि के. आर. पुरमच्या पलीकडे एक डॉक्टर आहेत म्हणे, त्यांना पाठवला. मला म्हणाला, "वासू, एवढं व्यवस्थित आमच्या टीममध्ये पण कुणी लिहीत नाही." खांद्यावर हात ठेवला.

खोटं कशाला लिहू – बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

१७ ऑगस्ट, रविवार

ठरलं. बुधवारी. पुढची दहा.

वहिनी उठून खोलीत गेली. मामी म्हणाल्या, "माझ्या बांगड्या गेल्या त्या परत भरता येतील रे शंतनु. तिची बोटं कुठल्या कासाराकडनं आणशील?"

दादा म्हणाला, "आई, परत ताप आला तर बाबा वाचणार नाहीत. मग मला कुणी विचारू नका, मांजराचं काय झालं." आणि त्याला रडू आलं. मामींनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. 

मी विचारलं, एकदा डॉक्टर अक्कांना विचारू या का? दादा म्हणाला, "तुझंच तर कन्क्लूजन आहे."

२० ऑगस्ट, बुधवार

दादाची मीटिंग होती, म्हणून मीच घेऊन गेलो. पुट्टीची प्लास्टिकची पेटी मांडीवर, रिक्षाने दीड तास. पेटीच्या जाळीतून तिने पंजा बाहेर काढून माझ्या शर्टावर ठेवला होता. नखं आत ओढलेली. सोमवारी मीच कापली होती, गुळगुळीत.

त्या दवाखान्याला पाटी नव्हती. एक कागद भरायला दिला. प्राण्याचं नाव, वय, मालकाचं नाव. कारण. मी लिहिलं: घरातील रुग्णास वारंवार इजा. सही माझी. सगळं सुवाच्य लिहिलं, एकही खाडाखोड नाही.

११.५० ला आत नेली. १.३५ ला आणली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तापलेल्या तव्यावर चालावं तशी चालते. वाळू जखमेत जाते म्हणून ट्रेमध्ये फाडलेले कागद घातलेत, त्यात ती जात नाही. कोपऱ्यात घाण करते आणि तिथेच बसून राहते. वहिनी पुसते. आज पुसताना रडत होती. मी फडकं मागितलं, दिलं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. पुट्टी मला चावली. ओरखडा नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

अकरा तारखेनंतर एकही ओरखडा नाही. मामी मात्र म्हणतात, आल्यापासून मामांना खाटेवरच पुसतोय आपण, हलवलं कुठे? सोमवारपासून पुन्हा खुर्चीवर बसवायचं आहे.

मामी मुद्दाम माझं समाधान मोडायला बोलल्या असं वाटलं. मोकळ्या हातांनी मोदक वळत होत्या. बांगड्या भरा आता, असं त्यांना कुणीही म्हटलेलं नाही. मीही नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज पुट्टीला मामांच्या खाटेवर ठेवलं. स्वतःहून चढता येत नाही तिला. ती काखेत शिरली. मामा हसले – ताप आल्यापासून पहिल्यांदा.

मग त्यांनी तिचा पुढचा पंजा डाव्या हातात घेतला आणि बोट दाबलं. पूर्वी असंच करायचे, नख बाहेर आलं की हसायचे. काही आलं नाही. दुसरं बोट दाबलं. तिसरं. पाचही. दुसरा पंजा घेतला, त्याचीही पाच. पुट्टीने पाय ओढून घेतला.

मामा माझ्याकडे बघत राहिले. "पुट्टी?" म्हणाले. एवढे महिने तो शब्द ऐकतोय, विचारल्यासारखा कधी आला नव्हता.

मी औषधाची वेळ झाली म्हणालो. झाली नव्हती.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नववा. ९.२०. उजवा दंड, आतली बाजू, एकच रेघ, अडीच सेंटिमीटर.

तीन वेळा मोजला. वहीत लिहिताना पेन चालेना.

कसं शक्य आहे? पुढची दहाच्या दहा गेली. चूक कुठे झाली? कोण करतं? वहिनी सूड म्हणून, मी खोटा ठरावा म्हणून? मामी? एक क्षण असंही वाटलं की मामा स्वतःच. पण त्यांची डाव्या हाताची नखं मीच कापतो.

६ सप्टेंबर, शनिवार

दादाने वही वाचली. मागची पानं उलटून पाहिली. मग म्हणाला, "मागची आठ आहेत ना अजून." आणि फोन घेऊन गच्चीत गेला. परत के. आर. पुरम. येत्या बुधवारी, दहा तारखेला, सकाळी अकरा.

वहिनी म्हणाली, "मग दात. मग काय?" 

मामी माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "वासू, तू सगळ्यांचे हात बघितलेस." वाक्य पुरं केलं नाही. उठून गेल्या. याचा अर्थ काय? मला धमकावत होत्या का? दिवसभर तेच डोक्यात.

७ सप्टेंबर, रविवार

आंघोळ दादाने घातली. नाही. रविवारी कधीच नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी मी उचलायला वाकलो, तर मामांनी माझं डावं मनगट घट्ट धरलं. वेळ सांगायला तोंड उघडलं. त्यांनी मान हलवली – नाही. अंगठ्याने साखळीचा खटका उघडला, घड्याळ माझ्या हातातून ओढून काढलं आणि उशीवर ठेवलं. मग उचल म्हणून डावा हात माझ्या गळ्यात टाकला.

मी उचललं. माझा डावा हात त्यांच्या उजव्या दंडाखालून गेला, रोज जातो तसाच. खुर्चीवर बसवलं. दंड पाहिला. काही नाही.

मग साखळी पाहिली. आतल्या बाजूला एका कडीची पिन तांदळाच्या कणीएवढी वर आली आहे. तिच्या खाचेत काळपट वाळलेलं.

पुट्टी खाटेच्या कडेला बसून पुढचे पाय चाटत होती. मागची आठ आहेत अजून. परवा बुधवार.

साखळीची पिन आणि माझा हात, एवढंच या गादीखालच्या वहीतून टेबलावरच्या वहीत उतरवलं, लाल शाईने, आणि दादाला हाक मारली. वेळ लिहिली नाही.